उतरत्या पाण्याचा वसंत : फेब्रुवारी-मार्चमध्ये उजनीच्या काठाने

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)

आजचा विषय साधा आहे. फेब्रुवारीत, थंडी ओसरायला लागली की पाण्याच्या काठानं दोन-तीन तास चालायचं. चालताना वसंत आल्याच्या कोणत्या खुणा दिसतात, आणि त्या खुणा काय सांगतात, एवढंच आपल्याला बघायचं आहे. उदाहरणासाठी मी उजनीचा जलाशय घेतो आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव हा पट्टा. तुमच्यातले अनेक जण तिथे रोहित बघायला जाऊन आले असतील.

आधी एक अडचण दूर करू. वसंताच्या खुणा म्हटलं की आपल्या डोक्यात जी यादी येते ती बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांतून आलेली असते. डबक्यात बेडकांची अंडी, दक्षिणेकडून परत आलेल्या भिंगऱ्या, घरटी बांधायची लगबग. ही यादी घेऊन तुम्ही भीमेच्या काठावर गेलात तर पंचाईत होईल. आपले बेडूक जूनपर्यंत तोंड उघडत नाहीत. सुगरण पावसाळ्याची वाट बघते. कमळपक्षी, गायबगळा यांचाही विणीचा हंगाम पावसात. आणि भिंगऱ्या? युरोपात माळभिंगरी दिसली की लोक म्हणतात वसंत आला. आपल्याकडे तीच जात फेब्रुवारी-मार्चमध्ये तारांवर ओळीनं जमते आणि निघून जाते. पक्षी तेच नव्हेत हं, इंग्लंडमधल्या भिंगऱ्या हिवाळ्यात आफ्रिकेत जातात, आपल्याकडच्या हिमालय आणि मध्य आशियाकडच्या. पण जात एकच, आणि खूण बरोबर उलटी.

पंचांगाचंही थोडं असंच आहे. वसंत ऋतू म्हणजे चैत्र-वैशाख. पण वसंतपंचमी येते माघात, म्हणजे शिशिरात. मला ही विसंगती वाटत नाही. ज्यांनी ती तिथी ठरवली त्यांना पहिली चाहूल कधी लागते हे माहीत असावं. तेव्हा आपली फेरी वसंतपंचमी ते गुढीपाडवा या दीड-दोन महिन्यांतली धरू.

आता मुख्य मुद्दा. थंड प्रदेशात वसंताचं वेळापत्रक ऊन ठरवतं. बर्फ वितळतं, किडे येतात, मग पक्षी येतात. आपल्या पाणथळ जागांवर ते बऱ्याच अंशी उतरतं पाणी ठरवतं. पावसाळ्यात भरलेली नदी, तलाव, धरण हे जानेवारीनंतर आक्रसत जातं आणि रोज थोडी नवी जमीन उघडी पडते. ओली, चिखलाची, मग भेगाळलेली, मग टणक. ही जी पट्टी आहे ना, पाणी आणि जुना काठ यांच्यामधली, तिच्यावर आपला वसंत घडतो. म्हणून काठावर पोचलात की दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी पाण्याची रेघ बघा.

उजनीत ही पट्टी फार रुंद असते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. क्षमता साधारण ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. जलाशयाचा बराच भाग उथळ, पसरट. ताटलीत पाणी असावं तसं. त्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी पाणी काठापासून लांब सरकतं. मागे राहिलेल्या गाळात शेतकरी लगेच पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. काठावर हरभऱ्याचा कोवळा पट्टा दिसला आणि त्याच्या पलीकडे अजून ओला, चमकणारा चिखल दिसला, की समजा पाणी नुकतंच उतरलं आहे. चिखल सुकलेला आहे आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत, म्हणजे उतरून काही आठवडे झाले. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलेलं आहे. त्याचं शिखर किती वर आलंय हेही तिथल्या लोकांचं माप आहे.

रोहितांचंही या पातळीशीच गणित असतं. लोक म्हणतात रोहित थंडीत येतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते, तिकडून ते येतात हे खरं. पण भिगवणला ते स्थिरावतात तेव्हा पाणी त्यांच्या गुडघा-मांडीएवढं झालेलं असतं. चोच उलटी करून, चिखल ढवळून, गाळून खाणारा पक्षी. त्याला खोल पाणी काय कामाचं? म्हणून एखाद्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर रोहित उशिरा येतात, आणि मग लोक विचारत बसतात की यंदा पक्षी का आले नाहीत. उत्तर पाण्याच्या रेघेवर लिहिलेलं असतं.

आता पाहुण्यांकडे वळू. काठावर शेपटी वरखाली करत धावणारे धोबी सगळ्यांनी पाहिलेत. डिसेंबरात ते मळकट, राखी, एकमेकांसारखे दिसतात आणि नवशिक्याला वैताग आणतात. फेब्रुवारी संपता संपता त्यांच्याकडे परत बघा. पांढऱ्या धोब्याच्या छातीवरचा काळा पट्टा वर चढत गळ्यापर्यंत आलेला असतो. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं खरोखर पिवळं होतं, हळदीसारखं, आणि मानेमागे काळी पट्टी येते. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळाभर नावाला जागत नाही, पांढरं डोकं आणि कानाशी एक डाग एवढंच. मार्चमध्ये त्याच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढते. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवईही याच सुमारास ठसठशीत दिसायला लागते.

हे कसं होतं? पीस ही मेलेली वस्तू आहे, आपल्या नखासारखी. ते आतून रंग बदलू शकत नाही. रंग बदलायचा तर जुनं पीस गाळून नवं उगवावं लागतं आणि त्याला भरपूर प्रथिनं लागतात. काही जातींनी मात्र स्वस्तातला मार्ग काढलाय. भोरडी, म्हणजे पळसमैना, पिसं न बदलता झळाळते. तिच्या हिवाळी पिसांच्या कडा मातकट असतात. चार-सहा महिन्यांत त्या कडा झिजून गळतात आणि आतला गुलाबी-काळा रंग उघडा पडतो. जुना कोट झिजून नवा निघावा असा प्रकार. बारामती-इंदापूर भागात ज्वारीच्या दिवसांत संध्याकाळी या भोरड्यांचे हजारोंचे थवे आकाशात वळणं घेताना दिसतात. शेतकऱ्याचा त्यांच्यावर राग असतो, तो समजण्यासारखा आहे. पण मार्चमध्ये त्या पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फुलांवर मधासाठी तुटून पडलेल्या दिसल्या की ओळखायचं, मुक्काम हलणार. इथून त्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जातात आणि तिथल्या टोळ-नाकतोड्यांच्या मोसमात पिल्लं वाढवतात. ज्वारीवरचा राग आणि टोळांवरचा उपकार, दोन्ही एकाच पक्ष्याच्या खात्यावर.

इथे एक प्रश्न येतो आणि तो मला फार आवडतो. उजनीच्या काठावर बसलेल्या पक्ष्याला तिकडे बर्फ वितळणार आहे हे कळतं कसं? आपल्याकडे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही. २१ डिसेंबरला साधारण अकरा तासांचा दिवस, मार्चच्या मध्याला बारा तासांचा. एका तासाचा फरक. पक्षी तो एक तास टिपतात, पण तेवढ्यावरच विसंबून नसतात. एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञानं स्थलांतर करणारे छोटे वटवटे कायम बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा खोल्यांत ठेवले. बाहेरून ऋतूची काहीच खबर नाही. तरीही ठरावीक काळानं ते पिसं बदलायचे आणि प्रवासाच्या वेळी रात्रभर बेचैन व्हायचे, तेही अनेक वर्षं. म्हणजे शरीराच्या आत वर्षाचं घड्याळ आहे. दिवसाची लांबी फक्त ते घड्याळ जुळवून घ्यायला उपयोगी पडते.

बेचैनीच्या आधी येते भूक. निघण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे हे पक्षी अक्षरशः खात सुटतात आणि चरबी साठवतात. काही लहान पक्ष्यांचं वजन या काळात जवळजवळ दुप्पट होतं. ही चरबी म्हणजे त्यांचं इंधन. पट्टेरी राजहंस, ज्याला आपल्याकडे पट्टकादंब असंही म्हणतात, तो उजनीवर थोड्या संख्येनं येतो आणि मार्चमध्ये परततो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात हिमालय ओलांडताना ७,२९० मीटर उंचीची नोंद झाली आहे. आता विचार करा, अशा पक्ष्यांच्या थव्यात कोणी नाव घुसवली, का तर 'जरा उडवा की, उडतानाचा फोटो पाहिजे.' हे वाक्य भिगवणला मार्चमध्ये दिवसातून कितीदा ऐकू येतं! एका फोटोसाठी थवा उठतो, दोन फेऱ्या मारतो, परत बसतो, पाच मिनिटांनी दुसरी नाव येते. नावाड्याला गिऱ्हाईक दुखवायचं नसतं, त्याचं पोट त्यावर आहे. म्हणून 'दादा, लांबूनच दाखवा, उडवू नका' हे आपण आधीच सांगायचं. आपण सांगितलं की त्यालाही बरं वाटतं, डिझेल वाचतं.

पाहुणे जातात त्याच दिवसांत स्थानिकांची गडबड सुरू होते, आणि ती आधी कानाला कळते. खंड्या एरवी तारेवर गप्प बसलेला असतो. फेब्रुवारीत तो झाडाच्या शेंड्यावर बसून लांबलचक, खाली उतरत जाणारी शीळ घालायला लागतो. ऊस-केळीच्या मळ्यांतून दयाळाचा आवाज येतो. कोकीळ घसा साफ करायला लागतो. पुलाखाली तारवाली भिंगरी काठावर उतरून चोचीत चिखलाची गोळी उचलताना दिसली, तर मान वर करून पुलाची खालची बाजू बघा, अर्ध्या वाटीसारखं घरटं आकार घेत असेल. दरडीत पेरूएवढी, लिंबाएवढी भोकं दिसतात ती खंड्याची आणि वेड्या राघूची. भोकाखाली ताजी माती सांडलेली असेल तर काम चालू आहे, कोळ्याचं जाळं असेल तर गेल्या वर्षीचं. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांचं सारंगागार असतं, तिथे झाडांवर काटक्यांचे ढीग आणि त्यावर गुलाबी झाक चढलेले पक्षी दिसतील. झाडांविषयी मी आज फार बोलणार नाही. पळस आणि पांगारा स्वतःच स्वतःची जाहिरात करतात.

एका पक्ष्यासाठी मात्र थांबा. नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी, पाण्यावर हलक्या हातानं उडणारा. हिवाळ्यात त्याची टोपी विटकी असते, आता ती काळीकुट्ट होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चोचीत मासा धरून हा नुसता फिरताना दिसेल. मासा खात नाही, गिळत नाही. मग तो एखाद्या उघड्या पडलेल्या चिखलाच्या उंचवट्यावर उतरतो, तिथे दुसरा सुरय बसलेला असतो, आणि याच्या चोचीतला मासा त्याच्या चोचीत जातो. ही मागणी आहे. मादी त्यावरून अंदाज घेते की हा गडी पुढे पिल्लांना भरवू शकेल का. शिवाय अंडी घालण्याआधी तिला अन्नाची भर पडते ती वेगळीच. मासा स्वीकारला गेला की थोड्याच दिवसांत त्या जोडीची दोन-तीन अंडी कुठेतरी जमिनीवर असणार. जमिनीवर, हे लक्षात ठेवा. हा पक्षी जागतिक यादीत आता 'असुरक्षित' गटात आहे, आणि त्याचं एक मोठं कारण ही जमीनच.

आपण आता त्या पट्टीवर परत येऊ. पाणी उतरून उघडी पडलेली, माणसाला ओसाड वाटणारी ती जमीन. टिटवी, छोटा कंठेरी चिखल्या, आर्ली, नदी सुरय हे सगळे तिच्यावर अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. पायानं केलेला खळगा, फार तर चार खडे, शिंपल्यांचे तुकडे, शेळीच्या लेंड्या. टिटवीची अंडी बहुधा चार, टोकं आत करून ठेवलेली. रंग मातीचा, त्यावर काळे डाग. दोन हातांवर असली तरी दिसत नाहीत, आणि ती दिसू नयेत हाच तर त्यांचा बचाव आहे. तुमचा पायही त्यांना खड्यासारखाच समजणार.

उघड्यावर का? कारण चारही बाजूंनी लांबवर दिसतं. मुंगूस, कुत्रा, कावळा येताना दिसला की टिटवी लवकर उठून लांब जाते आणि तिथून आरडाओरडा करून त्याचं लक्ष वळवते. झाडी असती तर शत्रू अंगावर येईपर्यंत कळलं नसतं.

पण या उघडेपणाची किंमत आहे ऊन. मार्चच्या मध्यानंतर दुपारी त्या जमिनीवर अनवाणी उभं राहवत नाही. अंड्यातला जीव थोडी थंडी काही वेळ सोसतो, पण चाळीस-बेचाळीस अंशांच्या पुढची उष्णता त्याला फार वेळ सोसत नाही. म्हणून दुपारी अंड्यांवर उभी असलेली टिटवी तुम्हाला दिसते ती ऊब देत नसते, ती सावली धरून उभी असते. आपण उबवणं म्हणतो, पण या दिवसांत ते बरंचसं निववणं असतं. त्यातही एक युक्ती आहे. जोडीतला एक पक्षी पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसतो. टिटवी करते, चिखल्या करतो, सुरयही करतो. पाणी जवळ असण्याचा हा एक मोठा फायदा. पाणी फार लांब गेलं की प्रत्येक फेरीला वेळ लागतो.

आता कल्पना करा, सकाळी अकराच्या सुमारास चार जणांचा गट त्या पट्टीवर येतो. कोणी वाईट हेतूनं आलेलं नसतं. फोटो काढतात, डबा उघडतात, तासभर बसतात. त्यांच्यापासून तीस पावलांवर अंडी आहेत, आणि तो तासभर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आहे. त्यांना वाटतं केवढा कर्कश पक्षी! रात्री टिटवी ओरडली की अशुभ असं म्हणत तिला आपण आधीच बदनाम करून ठेवलंय. अशुभ असतं ते तिच्यासाठी. त्या तासात अंडी उन्हात उघडी असतात. कोणाचा पायही पडला नाही, कोणी हातही लावला नाही, आणि तरी घरटं गेलं.

म्हणून पक्ष्याची भाषा वाचायला शिका. टिटवी जागेवरून एकदा ओरडून उडून गेली तर तुम्ही फक्त तिच्या हद्दीत आहात. ती डोक्यावर पुन्हा पुन्हा झेप घेत असेल तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. सुरय तर सरळ टाळूवर सूर मारतो. चिखल्याची तऱ्हा निराळी. तो तुमच्यापुढे पंख लुळा पाडून, लंगडत, घसटत जातो. जखमी पक्षी म्हणून तुम्ही त्याच्यामागे जाता, आणि बऱ्यापैकी लांब नेल्यावर तो ठणठणीत उडून जातो. ते नाटक दिसलं की त्याच्यामागे जाऊ नका आणि शोधायलाही लागू नका. थांबा, पायाखाली बघा, आणि आल्या पावलांवर पाऊल ठेवून मागे या. पिल्लं असतील तर धोका जास्त. ती जन्मल्या दिवसापासून धावतात, पण आईबापांची इशाऱ्याची हाक आली की जिथं असतील तिथं दबून निश्चल होतात. पळणारं पिल्लू वाचतं, कारण ते दिसतं. दबलेलं पिल्लू पायाखाली येतं.

पाण्याकडून येणारा धोका वेगळा आहे. पंचतंत्रात टिटवीची गोष्ट आहे. समुद्रकाठी अंडी घातली, समुद्रानं ती नेली, मग तक्रार गरुडापर्यंत आणि गरुडाकडून विष्णूपर्यंत गेली, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. गोष्ट रचणाऱ्यानं पक्षी नीट पाहिलेला होता, एवढं नक्की. आजच्या टिटवीला बहुधा पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात जावं लागेल. कारण धरणाच्या वरच्या अंगाला, म्हणजे भिगवणकडे, उन्हाळ्यात पाणी सहसा उतरतंच, चढत नाही. पण धरणाच्या खाली भीमेच्या पात्रात उलटं होतं. वाळूचे, गोट्यांचे पट्टे उघडे पडतात, पक्षी तिथे अंडी घालतात, आणि मग सोलापूरच्या पिण्यासाठी किंवा सिंचनाच्या आवर्तनासाठी नदीत पाणी सोडलं जातं. एका रात्रीत पट्टा पाण्याखाली. पाणी सोडू नका असं कोणी म्हणणार नाही, माणसांना पाणी हवंच. पण अंडी फुटायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. दोन आवर्तनांतल्या अंतरावर त्या वर्षीची वीण तरते किंवा बुडते.

पाणी फार उतरणंही बरं नाही. चंबळच्या वाळूच्या बेटांवर पाणचिऱ्याची आणि सुरयांची घरटी असतात. प्रवाह आटला की बेट काठाला जोडलं जातं, आणि कुत्री, कोल्हे चालत पोचतात. त्याउलट कर्नाटकात भद्रा जलाशयात उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की बेटं डोकं वर काढतात आणि त्यावर नदी सुरयांची मोठी वसाहत भरते. सगळीकडे पाणी सभोवती आहे तोवरच बेट हे बेट असतं. आणि या पक्ष्यांना हवं असतं ते बेट, पुरेसं उघडं आणि पुरेसं तुटलेलं.

आपल्या फेरीसाठी यातून काय घ्यायचं ते थोडक्यात सांगतो. सूर्योदयाला निघा आणि नऊ-साडेनऊला पट्टीवरून बाहेर या, दुपारचं ऊन अंड्यांच्या मालकांसाठी सोडा. चालायचं ते जुन्या पायवाटेनं किंवा गुरांच्या वाटेनं, कारण तुडवलेल्या वाटेवर कोणी अंडी घालत नाही. बरोबर कुत्रा नको. आणि अंड्यांचा फोटो ठिकाणासकट समूहांवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी दहा जण तिथे जातात.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : माझं गाळपेरीचं रान आहे. नांगरताना टिटवीची अंडी सापडतात. उचलून बांधावर ठेवली तर चालेल का?

उचलू नका. टिटवी जागा लक्षात ठेवते, अंडी नव्हे. बांधावरची अंडी ती बहुधा स्वीकारणार नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार रानपक्ष्यांची अंडी हलवणं, नष्ट करणं गुन्हा ठरतो. काही शेतकरी करतात ते करा : अंड्यांभोवती दोन-तीन हातांचा तुकडा न नांगरता सोडा आणि ट्रॅक्टर वळवून घ्या. महिनाभरात तो तुकडा मोकळा होतो, आणि पिल्लं लगेच चालत निघून जातात. दगडांचं कुंपण, काठीला फडकं असलं काही लावू नका. आपल्याला खूण म्हणून लावायचं असतं, पण कावळा हुशार आहे, त्यालाही खूण कळते. आणि हो, अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, या समजुतीबद्दल विचारणार असाल तर माझं मत असं की टिटवी तेव्हा कोरडी असलेली जागा निवडते. जूनचं हवामान तिला मार्चमध्ये कळत असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

प्रश्न : दुष्काळाच्या वर्षी पक्ष्यांना जास्त जमीन मिळते, म्हणजे चांगलंच ना?

सुरुवातीला तसं दिसतं. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही बरीच खाली गेली, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. चिखलात चरणाऱ्या पाहुण्यांना अशा वर्षी जागाच जागा. पण विणीच्या पक्ष्यांसाठी बेटं काठाला जोडली जातात, पाणी लांब जातं, आणि उघड्या गाळात गुरं, गाड्या, माणसं सगळीकडे पोचतात. चित्रबलाकासारख्याला तर पिल्लांसाठी जवळच उथळ पाण्यात मासे हवे असतात. तलाव आटला तर काड्यांची घरटी तशीच राहतात आणि पक्षी निघून जातात.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. दर आठवड्याला भिगवण जमणार नाही.

मग मुळा-मुठेच्या काठी जा, कवडीपाटला. धोब्यांचे रंग, कुरवांच्या टोप्या, तारवाल्या भिंगरीचा चिखल, सगळं तिथे दिसेल. दर रविवारी त्याच जागी उभं राहून पाण्याची रेघ एखाद्या दगडाशी ताडून वहीत लिहा. आठ रविवार झाले की पाडवा येतो. फक्त एक सांगतो. तिथे लांब गुलाबी पायांचे शेकाटे शेकड्यांनी दिसतील आणि वाटेल की नदीची तब्येत सुधारली. तसं नाही. सांडपाण्याच्या गाळात लालसर अळ्या मुबलक होतात आणि शेकाटे त्या वेचतात. त्यांची गर्दी म्हणजे वरून काय सोडलं जातंय याची ती खूण आहे. खंड्याला सूर मारल्यावर मासा मिळतो का, ते मोजा. दहा सुरांत किती मासे, तेही त्याच वहीत लिहा.